एकसष्ट नंबरचं रिकामं कपाट

१

हे कुणी मानणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: मानू नका. तबूकच्या थंडीत मी उंटाला माझी शाल पांघरून झोपवलं, ते तुम्ही मानलंत. कतीफच्या कोळ्यांना मी हर्णैच्या जाळ्याची गाठ शिकवली, तेही मानलंत. आणि ही एकच गोष्ट, जिच्यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही, ती सुरू केली की लोक चहाच्या कपात बघायला लागतात.

"आम्ही कपात नाही बघणार, चाचा," विजय डॉक्टर म्हणाले. "बोला."

मी बघितलं त्यांच्या बायकोकडे. सुखदाबाई एक्स-रे बघणारी डॉक्टर. काळ्या-पांढऱ्या सावलीवरून कुणाचं हाड कुठे तडकलंय ते सांगते. अशा माणसासमोर गोष्ट सांगायची म्हणजे जरा जपूनच. पण पाहुणे रियाधच्या टोकाला, अल सुलैपर्यंत गाडी काढून आले होते, माझ्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत बसले होते, आणि माझी बायको खैरुन्निसा आत सांदण वाफवत होती. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत होता, टूं टूं टूं. त्याकडे लक्ष देऊ नका, तो दिवसभर असाच ओरडतो.

तर स्टॉकहोम. गेल्या जूनमधला सोमवार. बुडालेल्या जहाजाचं म्युझियम. चाकाच्या खुर्चीत आमच्या कफीलची, म्हणजे मालकाची, म्हातारी आई, उम्म नासर. तिची नर्स रेखा, मिरजेची. रेखानं खुर्चीच्या दांडीकडे हात नेला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

दांडीला टांगलेली काळी बॅग नव्हती.

बॅगेत रेखाचा पासपोर्ट होता. रात्री नऊचं विमान रियाधला. बुधवारी रियाधहून मुंबई. आणि शुक्रवारी मिरजेत तिच्या साडेतीन वर्षांच्या ऋग्वेदच्या कानामागचं मशीन चालू करणार होते. पोरगं जन्मल्यापासून बहिरं. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं होतं, ते आजीनं निभावलं. पण मशीन चालू होईल तेव्हा पहिला आवाज आईचा असावा, एवढंच रेखानं दोन वर्षं मागितलं होतं.

पासपोर्ट नाही, तर आजचं विमान नाही. मग बुधवारचं नाही. आणि मग शुक्रवारही नाही.

२

"तुम्ही कसे गेलात तिकडे?" विजय डॉक्टरांनी विचारलं.

कफील म्हणाला, हाशम, घरची माणसं चालली आहेत, भरवशाचा माणूस हवा. मी म्हटलं, यल्ला, चला. झालं.

"मला नाही सांगितलंत कधी," आतून खैरुन्निसा.

"तू तेव्हा हर्णैला होतीस, भावाच्या लग्नात."

"हां. माझ्या मागे काय काय झालंय ते अल्लालाच ठाऊक."

माणसं आम्ही मोजकीच. कफील नासरसाहेब, ते दिवसभर कामाच्या बैठकीत, फोन बंद. त्यांची आई. रेखा. म्हातारीची मोलकरीण मुन्नी, बिहारची. आणि खुर्ची ढकलायला, सामान उचलायला झैद. झैद आपला श्रीवर्धनचा, त्याच्या बापाचा होड्या बांधायचा धंदा. आणि सहावा मी.

तीन दिवस नुसती भटकंती. नगरभवनात एक दालन आहे, भिंतीभर सोन्याचे तुकडे बसवलेले. सगळे आ वासून बघतायत. म्हातारी म्हणाली, "आमच्या शेजारणीच्या दिवाणखान्यात याहून जास्त आहे, पण ती एवढी स्वच्छ ठेवत नाही." राजवाड्यापुढे पहारा बदलताना बघितला. जुन्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद की खुर्ची अडकली, आणि झैदनं ती म्हातारीसकट उचलली. एका बेटावर तर गावोगावची जुनी लाकडी घरं उचलून आणून मांडली आहेत, आत चूल पेटवून बाई भाकरीसारखं काहीतरी भाजते. मुन्नी तिथून हलेना. चुलीसाठी हो, जून महिना असून ती कुडकुडत होती.

आणि शेवटच्या दिवशी जहाज. काय जहाज! तीन माळे उंच, मागच्या बाजूला शेकडो कोरलेली चित्रं. बांधलं, सजवलं, तोफा चढवल्या, आणि पहिल्याच फेरीत बंदरातच बुडालं. तीनशे तेहतीस वर्षं चिखलात. वर जड, खाली अरुंद. आमच्या हर्णैच्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तरी त्यानं लांबूनच हात हलवून सांगितलं असतं, चढू नका.

त्या जहाजाच्या पुढ्यात उभी राहून रेखा म्हणाली, "चाचा, बॅग गेली."

माझ्या घड्याळात पावणेसहा. म्युझियम सहाला बंद. पंधराच मिनिटं!

"पंधरा नाही," रेखा म्हणाली, "इथे पावणेपाच झालेत. सव्वा तास आहे."

मी घड्याळ बदललंच नव्हतं. रियाधचंच ठेवलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं असंच.

३

म्हातारीला विचारलं. ती शांत. "बॅग? मी ठेवली. दरवाज्यावरचा माणूस म्हणाला, मोठी बॅग कपाटात ठेवा. तुम्ही सगळे कुठे कुठे गेला होतात, मीच ठेवली."

हे खरं होतं. शिरताना रेखा लिफ्टची चौकशी करायला गेली, झैद तिकिटांना, मुन्नी हात धुवायला. म्हातारी कपाटांच्या भिंतीजवळ एकटी. आणि तिला असली कपाटं फार आवडत. हॉटेलातल्या तिजोरीला ती दिवसातून दहादा उघडबंद करायची. चार आकडे दाबायचे, कुलूप लागतं. तिचे चार आकडे एकच, नासरसाहेबांच्या जन्माचं साल. टीव्हीला तेच, फोनला तेच. घरातल्या मांजरालाही ठाऊक असतील.

"कुठल्या कपाटात ठेवली, खाला?"

"ते मला काय विचारता? डॉक्टरांनी सांगितलंय, विसरायला होतं, लिहून ठेवा. लिहिलंय." आणि तिनं मांडीवरची छोटी वही पुढे केली.

"तुम्हीच वाचा ना."

"चष्मा बॅगेत आहे."

रेखानं वही घेतली. शेवटच्या पानावर एक ओळ. अक्षरं अरबी, रेखाला त्यातलं ओ का ठो कळेना. पुढचा आकडा मात्र स्वच्छ, ओळखीचा, शाळेच्या पाटीवरचा असावा तसा. एकसष्ट.

ती धावली. कपाटांची भिंत, चार ओळी, लांबच लांब. एकसष्ट सापडलं. टाचा उंचावून तिनं आत बघितलं.

कपाटाचं दार उघडंच होतं. आत काहीही नव्हतं.

"बाप रे," विजय डॉक्टर म्हणाले.

सुखदाबाईंनी कप खाली ठेवला.

आता विचार करा. कपाट कोण उघडणार? ज्याला चार आकडे माहीत आहेत तो. म्हणजे घरातलाच. रेखाला घाम फुटला. मलाही फुटला, शर्ट पाठीला चिकटला. कुठेतरी मागे टूं टूं टूं वाजत होतं, त्यानं डोकं आणखी उठलं. आणि रेखा, हातात म्हातारीचा बटणांचा फोन घट्ट धरून, हळूच म्हणाली, "चाचा, चोर आपल्यातलाच आहे. झैदला हे सांगू नका. वही त्याला दाखवायची नाही."

"का?"

"त्याच्या जॅकेटखाली काहीतरी लपवलंय. मी पाहिलं. मी वळले की तो पोटावर हात धरतो."

४

मी एकेकाला कानाशी बोलावलं. गाजावाजा केला नाही. म्हातारी खुर्चीत डुलकी काढत होती. तिला कळलं असतं तर नासरसाहेबांना कळलं असतं, आणि नासरसाहेबांना कळलं असतं तर आधी पोलीस आणि मग विचार.

पहिली मुन्नी. तिचं आणि रेखाचं आठवडाभर बिनसलं होतं. म्हातारीच्या औषधांच्या डब्याला मुन्नीनं हात लावला म्हणून रेखा तिला सगळ्यांदेखत बोलली होती.

"मुन्नी, शिरताना तू पंधरा मिनिटं कुठे होतीस?"

"हाथ धोने गए थे."

"पंधरा मिनिटं हात धुतलेस?"

एकदम रडू. "हम काहे को लेंगे किसी का पासपोट? हमरे भी बच्चे हैं, चाचा!"

"मग सांग ना, पंधरा मिनिटं काय केलंस?"

"वो मशीन है ना, हाथ सुखाने वाली. गरम हवा देती है।" नाक ओढत ती म्हणाली. "उसके नीचे खड़े थे। बंद होती थी, फिर हाथ रखते थे। एक गोरी मेम बाहर राह देख रही थी, हम फिर भी नहीं हटे।"

मी मानलं. मुन्नी रियाधच्या जानेवारीत तव्यावर हात शेकणारी बाई. खोटं बोलायचं असतं तर याहून इभ्रतीचं बोलली असती.

रेखा म्हणाली, "एक तास राहिला, चाचा. दारावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणतो दुसऱ्यांची कपाटं उघडता येत नाहीत. फार तर पोलिसांना बोलावतो म्हणतो. आले की लिहून घेतील, सगळ्यांना थांबवतील. विमान गेलं मग." आणि एकदम म्हणाली, "माझी आई त्याला माझा फोटो दाखवते, ओठांवर बोट ठेवून सांगते, ही बोलणार, ही बोलणार. मी त्याला काय..."

"रेखा. झैदला दे."

"काय?"

"झैदला बोलव म्हणतोय."

५

झैदचा श्वास जड.

"चाचा, मी नाय घेतली. अल्लाची कसम."

"काय नाय घेतलीस? मी अजून काही विचारलं नाही."

"ती सगळी माझ्याकडे बघतायत. मला कळत नाय काय? रेखाताई वही लपवते माझ्यापासून. मी काय चोर?"

"जॅकेटखाली काय आहे?"

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं, पळाला. श्रीवर्धनला त्याच्या बापाला मीच शब्द दिला होता की पोराला नीट मार्गी लावतो.

"झैद. पोलीस आले तर जॅकेट तेच उघडतील. त्याआधी मला सांग."

"कागद आहे," तो पुटपुटला.

"कसला कागद? पासपोर्ट?"

"जहाजाचा. मी जहाज काढलंय." आणि मग घडाघडा बोलला. मागच्या बाजूला जाऊन त्यानं जहाजाच्या बरगड्या मोजल्या होत्या. लाकडाला लाकूड कुठे आणि कसं जोडलंय, ते पेन्सिलीनं उतरवून घेतलं होतं, बापाला दाखवायला. तिथल्या एका बाईनं दोरीच्या पलीकडे वाकला म्हणून त्याला हटकलं. त्याला वाटलं, चित्र काढायचीच मनाई आहे, आता कागद सापडला तर नोकरी गेली. "बाप बोलतो, बुडलेल्या होडीकडून जास्त शिकायला मिळतं. म्हणून काढली, चाचा."

"रेखाला दाखव कागद."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग रेखा म्हणाली, "खरंच जहाज आहे. सुंदर काढलंय." आणि रडायलाच लागली. कारण झैद चोर असता तर निदान बॅग तरी मिळाली असती.

मुन्नी नाही. झैद नाही. चोर उरला नाही, आणि बॅगही नाही. माझ्या घड्याळात पावणेसात.

"म्हणजे पंधरा मिनिटं," सुखदाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच बोलल्या.

"बरोबर. पंधरा मिनिटं." काय लक्ष ठेवून ऐकते ही बाई!

६

अशा वेळी माणसानं धावाधाव करू नये. मी डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय मला दिसत नाही, ही माझी जुनी खोड.

"रेखा," मी म्हटलं, "ते कपाट उघडं होतं की अर्धवट लोटलेलं?"

"सताड उघडं."

"चोर कपाट सताड उघडं टाकत नाही. बॅग काढतो आणि दार लोटतो, म्हणजे उशिरा कळेल. सताड उघडं कपाट म्हणजे कुणी वापरलेलंच नाही. आता सांग, एकसष्ट नंबर कितव्या ओळीत?"

"सगळ्यात वरच्या. मला टाचा उंचवाव्या लागल्या."

"आणि म्हातारी खुर्चीतून उठते?"

ती हळूच म्हणाली, "नाही. दोन माणसं लागतात उठवायला."

"मग तिनं वरच्या ओळीत बॅग ठेवली कशी?"

"नाहीच ठेवली," रेखा म्हणाली. "पण मग तिनं खोटं लिहिलं?"

"म्हातारी विसरते, पण लिहिते ते खरं. तिनं बरोबर लिहिलंय. आपण चुकीचं वाचतोय. रेखा, तुझी शाळा कुठली?"

"आता शाळा कुठे मध्येच? मिरजेची, मराठी."

"वहीतला आकडा कसा दिसतो ते सांग. वाचू नकोस, नुसता कसा दिसतो ते सांग."

"पहिला आपला सहा. इंग्रजी तीन आरशात बघितल्यासारखा. दुसरा आपला एक, वर वाटोळं, खाली शेपटी."

मी ओरडलोच. "अगं बाई! आपला नाही, त्यांचा! उलट्या तीनसारखा दिसतो तो अरबांचा चार. आणि वाटोळं नि शेपटी म्हणजे त्यांचा नऊ. ‘٤٩’! एकसष्ट नाही, एकोणपन्नास! दोन वर्षं रियाधमध्ये राहून तुला एवढं कळलं नाही?"

"मी बाहेर पडते कधी?" ती रडता रडता ओरडली. "शुगरचं मशीन इंग्रजीत, औषधं इंग्रजीत, दुकानात झैद जातो!"

हेच तर. झैदला वही दाखवली असती तर त्यानं चालता चालता वाचली असती. ज्याला आकडा वाचता येत होता त्याच्यावरच संशय, म्हणून त्याला वही नाही. मुन्नीला वाचता येत नाही. म्हातारीला दिसत नाही. आणि रेखाला इतकं छान वाचता आलं की विचारायची गरजच वाटली नाही.

"धाव!" मी म्हटलं. "खालच्या ओळीत बघ!"

पळण्याचा आवाज. चाकांचा आवाज, म्हणजे झैद म्हातारीसकट खुर्ची पळवतोय. मुन्नी "या अल्लाह, या अल्लाह" करत मागे. मग टक, टक, टक, टक. चार आकडे.

मी श्वास धरून उभा.

एक बारीक किरर्र झालं. आणि मग म्हातारीचा खणखणीत आवाज: "मी सांगितलं नव्हतं? लिहून ठेवलंय म्हणून! आता माझा चष्मा द्या, मला तो जहाजावरचा सिंह नीट बघायचाय."

विमान मिळालं. बुधवारचंही मिळालं. मिरजेला शुक्रवारी सकाळी साडेदहाला मशीन चालू झालं. रेखानं हाक मारली, "ऋगू". पोरगं दचकलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग तिच्या तोंडावर हात ठेवून बसलं, आवाज इथूनच येतोय का ते बघायला. परत म्हण, परत म्हण, असं हातानं सांगत होतं. ती परत म्हणाली. मी ऐकलं ना सगळं.

एवढं सांगून मी गप्प झालो. विजय डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आतून खैरुन्निसा सांदणाचं ताट घेऊन दारात येऊन थांबली होती, पदर नाकाला. मी मनात म्हटलं, हाशम, आज जमलं.

"चाचा," सुखदाबाई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा की."

"वही तुमच्यासमोर होती, तर आकडा कसा दिसतो हे रेखाला का विचारलंत?"

"सांगितलं ना. डोळे मिटले होते."

"कपाट कितव्या ओळीत आहे, तेही विचारलंत. झैदचा कागद तुम्ही बघितला नाहीत, तिला बघायला लावलात. ‘झैदला दे’ म्हणालात. काय दे? आणि मुन्नी थंडीनं मशीनखाली उभी, पण तुमचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला."

"म्हाताऱ्या माणसाला..."

"रेखाचा फोन बॅगेतच असणार, म्हणून तिच्या हातात म्हातारीचा बटणांचा फोन. त्यात फोटो निघत नाही, नाहीतर तिनं आकड्याचा फोटोच पाठवला असता. आणि घड्याळ रियाधचं."

मी सांदणाचं ताट पुढे केलं. कुणी घेतलं नाही. बाहेर फोर्कलिफ्ट मागे यायला लागला.

टूं टूं टूं.

सुखदाबाईंनी एक बोट वर केलं, संपेपर्यंत ऐकलं, आणि हसून मोठ्यानं म्हणाल्या, "चाचा, साफ खोटं! तुम्ही स्टॉकहोमला गेलाच नाहीत. तुम्ही त्या दिवशी इथेच, या गोदामात, फोन कानाला लावून उभे होतात!"